थैलीही त्यांची, तराजूही त्यांचा

२०२५ च्या फेब्रुवारी महिन्यात अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील संघीय न्यायालयाने एका तडजोडीवर अंतिम मान्यतेची मोहोर उठविली. ‘अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप’ म्हणजे संक्षेपाने यूएफसी या कंपनीने, २०१० च्या अखेरीपासून २०१७ च्या मध्यापर्यंत आपल्या आखाड्यात उतरलेल्या सुमारे अकराशे-बाराशे लढवय्यांना ३७ कोटी ५० लाख डॉलर द्यावेत, असे या तडजोडीने ठरले. दावा दाखल झाला होता डिसेंबर २०१४ मध्ये. म्हणजे ज्या धंद्यात माणसाची उमेद दहा-बारा वर्षांत संपते, त्या धंद्यातील माणसांना आपल्या घामाचा हिशेब मागण्यात दहा वर्षे घालवावी लागली.

आपल्याकडे या घटनेची चर्चा फारशी झाली नाही, आणि ते साहजिकही आहे. आठ कोनांच्या जाळीबंद आखाड्यात दोन माणसांनी ठोसे, लाथा आणि कुस्तीचे पेच यांच्या साहाय्याने एकमेकांना नामोहरम करावयाचे, हा मिश्र युद्धकलेचा खेळ पुष्कळांना खेळच वाटत नाही. परंतु अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला त्यात वेगळेच काही दिसते. विकणारा एकच असला तर काय होते, हे विद्यार्थ्यांना चटकन समजते. विकत घेणारा एकच असला तर काय होते, हे समजावून सांगताना प्रस्तुत लेखक आजवर झोनबंदीच्या काळातील ऊस उत्पादकाचे उदाहरण देत आला. ऊस तोडून तयार आहे, पण तो घालावयाचा एकाच कारखान्याला. मग भाव कोण ठरविणार, हे सांगावे लागत नाही. जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्ये खरेदीदाराच्या या मक्तेदारीचे जे विवेचन केले, त्याचे आजच्या काळातील धडधडीत उदाहरण म्हणजे यूएफसीचा आखाडा होय.

या आखाड्याविषयी दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. लढवय्यांना मोबदला कमी मिळतो, ही एक. आणि उत्तेजक द्रव्यांच्या चाचण्यांची व्यवस्था विश्वासार्ह नाही, ही दुसरी. पहिली तक्रार अर्थकारणाची आणि दुसरी नीतीची, असे समजून त्यांची चर्चा निरनिराळी केली जाते. वस्तुतः हे दोन प्रश्न नाहीत. जो मोबदला ठरवितो तोच चाचणीचे नियमही ठरवितो, आणि ज्याच्यावर ते लागू व्हावयाचे त्याला दोन्ही ठिकाणी तोंड नाही, हा तो एकच प्रश्न आहे.

वीस लाखांचे चारशे कोटी

यूएफसीचा पहिला सामना नोव्हेंबर १९९३ मध्ये डेन्व्हर येथे झाला. त्या काळी नियम जवळजवळ नव्हतेच. अनेक राज्यांनी या खेळाला मज्जाव केला आणि कंपनी डबघाईला आली. २००१ मध्ये लास व्हेगासच्या फर्टिटा बंधूंनी ती अवघ्या वीस लाख डॉलरांना विकत घेतली. त्यांनी पैसा ओतला, राज्यांच्या क्रीडा आयोगांची देखरेख पत्करली, नियमबद्ध खेळ दूरचित्रवाणीवर आणला. २०१६ मध्ये त्यांनी हीच कंपनी सुमारे चारशे कोटी डॉलरांना विकली. २०२३ मध्ये ती व्यावसायिक कुस्तीच्या डब्ल्यूडब्ल्यूई या कंपनीबरोबर एका नव्या कंपनीखाली आली. २०२४ या एका वर्षातील यूएफसीचे उत्पन्न १४० कोटी डॉलरांच्या घरात होते. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रक्षेपणाच्या हक्कांसाठी पॅरामाउंट कंपनीशी सात वर्षांचा ७७० कोटी डॉलरांचा करार जाहीर झाला.

हे यश खरे आहे आणि त्याचे श्रेय मालकांना नाकारण्याचे कारण नाही. पण उत्तम धंद्याबरोबरच आणखीही काही चालू होते. २००६ ते २०११ या काळात या कंपनीने डब्ल्यूईसी, जपानची प्राइड आणि मग स्ट्राइकफोर्स अशा प्रतिस्पर्धी संस्था एकामागून एक विकत घेतल्या. अव्वल दर्जाच्या लढवय्याला आपले कसब विकण्यासाठी जे दोन-चार दरवाजे उघडे होते ते अशा रीतीने बंद होत गेले.

दरवाजे बंद झाल्यावर कुलूप घातले ते करारांनी. करार अनन्य, म्हणजे लढवय्याने अन्यत्र लढावयाचे नाही. तो जखमी झाला किंवा त्याने लढत नाकारली, तर तेवढा काळ कराराच्या मुदतीत पुढे जोडला जावयाचा. तो विजेतेपदी पोहोचला तर करार आपोआप लांबावयाचा. म्हणजे ज्या क्षणी त्याची बाजारातील किंमत सर्वाधिक, नेमक्या त्याच क्षणी त्याला बाजारात जाण्याची मनाई! अमेरिकेतील बेसबॉलपटूंना बांधून ठेवणारे असेच एक कलम १९७५ मधील लवादाच्या निर्णयाने निष्प्रभ झाले आणि त्यानंतर त्यांच्या वेतनात झपाट्याने वाढ झाली. क्रिकेटच्या चाहत्यांना तर १९७७ चा केरी पॅकर आठवत असेल. त्याच्या उद्योगाला तेव्हा ‘सर्कस’ म्हणून नाके मुरडली गेली. पण दुसरा गिऱ्हाईक दारात उभा राहताच क्रिकेटपटूंचा भाव कसा चढला, हे साऱ्यांनी पाहिले.

मिश्र युद्धकलेतही तसे एक उदाहरण घडले. कॅमेरूनमधील वाळूच्या खाणीत लहानपणी राबलेला फ्रान्सिस न्गानू २०२१ मध्ये यूएफसीचा हेवीवेट विजेता झाला. जानेवारी २०२२ मध्ये त्याने विजेतेपद राखले, तेव्हा त्याचे जाहीर झालेले मानधन सहा लाख डॉलर होते. नव्या करारासाठी त्याने ज्या मागण्या पुढे केल्या त्यांत लढवय्यांसाठी आरोग्यविमा ही एक होती. बोलणी फिसकटली आणि जानेवारी २०२३ मध्ये तो बाहेर पडला. त्याच वर्षी ऑक्टोबरात रियाधमध्ये टायसन फ्युरीशी त्याची मुष्टियुद्धाची लढत झाली आणि त्या एका लढतीने त्याला पूर्वीच्या कित्येक पटींनी अधिक पैसा मिळाला. माणूस तोच आणि त्याच्या मुठीही त्याच. बदलला होता तो खरेदीदार. अर्थात न्गानू एखादाच निघतो. बाकीच्यांना करार संपेपर्यंत दम धरणे परवडत नाही.

रक्कम आणि हिस्सा

न्यायालयात कंपनीचे म्हणणे असे होते की, लढवय्यांचा मोबदला वर्षानुवर्षे वाढतच गेला आहे. मग मक्तेदारीने वेतन दाबले असे म्हणावे कसे? फिर्यादींचे अर्थतज्ज्ञ हॅल सिंगर यांनी यावर दिलेले उत्तर अभ्यासण्यासारखे आहे. रक्कम पाहू नका, हिस्सा पाहा, असे त्यांच्या म्हणण्याचे सार. धंदा दहापट वाढला आणि मोबदला तिप्पट झाला, तर रक्कम वाढूनही श्रमिक मागेच पडला. लढवय्यांच्या वाट्याला कंपनीच्या उत्पन्नाचा सुमारे एकपंचमांश भाग येत होता. अमेरिकेतील बास्केटबॉल आणि फुटबॉल यांच्या मोठ्या संघटित स्पर्धांत खेळाडूंच्या वाट्याला सुमारे निम्मे उत्पन्न जाते. या फरकाच्या आधारे सिंगर यांनी नुकसानीचा आकडा ८१ कोटींपासून १६० कोटी डॉलरांपर्यंत काढला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायाधीश रिचर्ड बुलवेअर यांनी ही विचारपद्धती ग्राह्य मानून दाव्याला सामूहिक स्वरूप दिले.

एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. मोठ्या स्पर्धांत अनेक संघमालक असतात आणि येथे कंपनी एकच आहे. मग तुलना कशी व्हावी? पण हा आक्षेप उलटतो. मालक अनेक असून ते खेळाडूंसाठी एकमेकांशी चढाओढ करतात आणि खेळाडूंची संघटना सर्वांशी मिळून सौदा करते, म्हणूनच तेथे हिस्सा निम्म्यावर जातो. येथे चढाओढही नाही आणि संघटनाही नाही.

मार्च २०२४ मध्ये उभय पक्षांनी दोन दाव्यांसाठी मिळून साडेतेहेतीस कोटींची तडजोड मांडली, ती न्यायाधीशांनी जुलैमध्ये फेटाळली. मग एकाच दाव्यासाठी साडेसदतीस कोटी ठरले. अनेक माजी लढवय्यांनी न्यायालयाला पत्रे लिहून ही तडजोड मान्य करावी अशी विनंती केली. कोणाला औषधपाण्यासाठी पैसा हवा होता, कोणाला घरासाठी. यातच सौद्याचे मर्म आहे. ज्याला थांबता येत नाही, तो पडत्या भावात सौदा पुरा करतो. मग तो सुगीत धान्य विकणारा शेतकरी असो की डोक्यावर शेकडो ठोसे झेललेला लढवय्या असो. आणि या तडजोडीने पैसा मिळाला तरी करारांची कलमे बदललेली नाहीत. २०१७ नंतरच्या लढवय्यांचा दावा वेगळा आहे.

निम्मे मानधन जिंकलात तर

आता सामान्य लढवय्याचा हिशेब पाहू. या धंद्यातील रूढ पद्धत अशी की, आखाड्यात उतरल्याबद्दल एक रक्कम आणि जिंकल्यास तेवढीच दुसरी. अलीकडच्या वर्षांत नवागताच्या करारात ‘बारा हजार आणि बारा हजार’ डॉलर ही जोडी सर्रास आढळत आली आहे. वर्षाला दोन लढती मिळाल्या असे धरू. दोन्ही हरल्यास चोवीस हजार, दोन्ही जिंकल्यास अठ्ठेचाळीस हजार. यातून प्रशिक्षक, व्यवस्थापक, सरावाचे साथीदार, आहार आणि कर हे सारे भागवावयाचे. पूर्वी विजारीवर जाहिराती लावून चार पैसे मिळत. २०१५ पासून कंपनीने एकाच पुरवठादाराचा गणवेश सक्तीचा केला. तेव्हा नवागताला त्यापोटी एका लढतीचे अडीच हजार आणि विजेत्याला चाळीस हजार डॉलर मिळू लागले.

कायद्याने हा लढवय्या नोकर नव्हे, ‘स्वतंत्र कंत्राटदार’ आहे. कंपनीने २०११ पासून अपघात विमा दिला आहे, हे नमूद केले पाहिजे. पण निवृत्तिवेतन नाही आणि लढत मिळेलच अशी शाश्वती नाही. मुंबईच्या गिरण्यांच्या दारात सकाळी उभ्या राहणाऱ्या बदली कामगाराची स्थिती याहून फार वेगळी नव्हती. त्याला निदान युनियन तरी होती.

अॅडम स्मिथने सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी एक गोष्ट हेरून ठेवली होती. तरुण माणूस धंदा निवडताना आपल्या नशिबाचा अंदाज नेहमी चढा करतो. ज्या धंद्यात शंभरांतील एखादाच कुबेर होतो, त्या धंद्यातही बाकीचे नव्याण्णव आशेने शिरतात, आणि म्हणून तेथील सरासरी मोबदला धोक्याच्या मानाने कमीच राहतो. २०१३ मध्ये आपल्या पहिल्या लढतीपर्यंत आयर्लंडमध्ये सरकारी बेकारभत्त्यावर जगणारा कॉनर मॅकग्रेगर पुढे कोट्यधीश झाला. ही कथा सर्वांना पाठ आहे. तशाच भत्त्यावर परत गेलेल्यांच्या कथा कोणी सांगत नाही.

अशा रचनेत उत्तेजकांचा मोह कोठून येतो, हे आता उघड व्हावे. पंचांच्या एका गुणाच्या फरकाने निम्मी कमाई जाणार असेल, लागोपाठ दोन-तीन पराभवांनी करारच संपणार असेल, आणि जखम भरून येण्यासाठी थांबावे तर त्या महिन्यांत घरात छदामही येणार नसेल, तर दुखणे लवकर बरे करणारी, दम वाढविणारी सुई किंवा गोळी केवळ पापबुद्धीने घेतली जाते असे म्हणता येत नाही. मानधनाची रचनाच तिची जाहिरात करीत असते. मोह आहे म्हणून गुन्हा क्षम्य ठरत नाही. धावण्याच्या शर्यतीत उत्तेजक घेणारा प्रतिस्पर्ध्याचे पदक चोरतो, येथे तो प्रतिस्पर्ध्याचे डोके फोडतो. चाचणी हवीच, कडक हवी. प्रश्न असा की ती कोणाच्या हाती असावी?

चाचणीचा तराजू

जुलै २०१५ पासून यूएफसीने अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेशी, म्हणजे युसाडाशी करार करून वर्षभराच्या चाचण्या सुरू केल्या. त्यापूर्वी राज्य आयोगांचा भर मुख्यतः लढतीच्या दिवशीच्या तपासणीवर असे. या पाऊलाने खेळ अधिक स्वच्छ झाला, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. पण त्याचे ओझे कोणावर पडले? ‘स्वतंत्र कंत्राटदारा’ने आपण रोज कोठे आहोत हे कळवीत राहावयाचे, तपासनीस पहाटे दारात आला तर त्याच्या देखत नमुना द्यावयाचा, शरीरात काही सापडले तर ते कसे आले हे आपणच सिद्ध करावयाचे. नोकराची सर्व बंधने आणि नोकराचा एकही हक्क नाही, अशी ही अवस्था.

दोष सिद्ध होईपर्यंत निर्दोष, हे तत्त्व उत्तेजकांच्या कायद्यात लागू नाही. महाराष्ट्राला ते नरसिंग यादवच्या प्रकरणात कळले. देशातील संस्थेने त्याचा घातपाताचा दावा मान्य केला, पण ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिक चालू असतानाच क्रीडा लवादाने त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. यूएफसीत योएल रोमेरोने घेतलेल्या पूरक आहारातच भेसळ असल्याचे सिद्ध झाले, तरी त्याला सहा महिने बाहेर बसावे लागले. जॉश बार्नेटच्या बाबतीत लवादाने २०१८ मध्ये केवळ समज दिली. पण तोपर्यंत वर्षाहून अधिक काळ निघून गेला होता. बार्नेट नामांकित होता आणि झगडू शकला. बारा हजारांचा नवागत वकील कोठून आणणार? पुढे २०१९ मध्ये भेसळीतून येणाऱ्या सूक्ष्म अंशांसाठी किमान मर्यादा ठरविण्यात आल्या, हे योग्य झाले. पण त्याआधी भोगलेल्यांची भरपाई कोणी केली नाही.

आता तराजूचे दुसरे पारडे पाहा. जुलै २०१६ मध्ये यूएफसीच्या दोनशेव्या क्रमांकित सोहळ्यासाठी ब्रॉक लेस्नर या गर्दी खेचणाऱ्या नावाला परत आणण्यात आले. परतणाऱ्याने चार महिने आधीपासून चाचण्यांना उपलब्ध असावे, असा नियम होता. कंपनीने त्यातून त्याला सूट दिली. लढतीपूर्वी अकरा दिवस घेतलेल्या नमुन्यात निषिद्ध द्रव्य सापडले; पण अहवाल आला लढत उरकल्यावर. लेस्नरचे मानधन होते पंचवीस लाख डॉलर आणि नेवाडा आयोगाने केलेला दंड अडीच लाख. त्याचे ठोसे खाणाऱ्या मार्क हंटने कंपनीवर दावा लावला; तो २०२३ मध्ये फेटाळला गेला. ज्या व्यवहारात पकडले गेल्यावरही नव्वद टक्के रक्कम खिशात राहते, त्याला शिक्षा म्हणावयाचे की कर, हे वाचकांनीच ठरवावे.

डिसेंबर २०१८ ची गोष्ट आणखी बोलकी आहे. पूर्वी दोषी ठरलेल्या जॉन जोन्सच्या नमुन्यात जुन्याच द्रव्याचे अतिसूक्ष्म अंश आढळले. हे नवे सेवन नव्हे, असे तज्ज्ञांचे मत पडले. परंतु तेवढ्या थोड्या दिवसांत सुनावणी घेऊन परवाना देणे नेवाडा आयोगाला शक्य नव्हते. मग काय झाले? लढत रद्द झाली नाही. अवघे सहा दिवस उरले असताना संपूर्ण सोहळाच लास व्हेगासहून लॉस एंजेलिसकडे हलविण्यात आला. त्या रात्री लढणारे इतर सारे लढवय्ये, त्यांचे प्रशिक्षक आणि तिकिटे काढलेले हजारो प्रेक्षक यांना एका माणसासाठी बिऱ्हाड उचलावे लागले.

२०२३ च्या अखेरीस युसाडाबरोबरचा करार संपला. मॅकग्रेगरच्या पुनरागमनासाठी सहा महिन्यांच्या चाचण्यांची अट शिथिल करावी की काय, यावरून उभयतांत जाहीर वाद झाला. कंपनीने तो आरोप नाकारला. २०२४ पासून नमुने घेणारी आणि निर्णय देणारी व्यवस्था नवी आहे. निष्पक्षपणे सांगावयाचे तर, २०२४ मध्ये तीन वेळा नमुन्यासाठी उपलब्ध न राहिल्याबद्दल खुद्द मॅकग्रेगरवर अठरा महिन्यांची बंदी आल्याचे ऑक्टोबर २०२५ मध्ये याच व्यवस्थेने जाहीर केले. ही गोष्ट तिच्या बाजूने नोंदविली पाहिजे. पण न्यायाधीश चांगला निघाला म्हणून त्याचा पगार एका पक्षकाराने द्यावा, ही रीत योग्य ठरत नाही. बेसबॉल, बास्केटबॉल, फुटबॉल यांत चाचणीचे नियम मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्या करारातून ठरतात. येथे ते वरून येतात आणि गरजेप्रमाणे वरूनच बदलतात.

करावयाचे काय?

तेव्हा उपाय दोन्ही प्रश्नांवर एकच आहे, तो म्हणजे सौद्यात लढवय्याला आवाज मिळणे. त्याचा नमुना अमेरिकेच्या कायद्यातच आहे. मुष्टियोद्ध्यांच्या संरक्षणासाठी २००० मध्ये महंमद अली यांच्या नावाने झालेल्या कायद्याने आयोजकाला लढतीतून काय मिळते हे मुष्टियोद्ध्याला सांगणे बंधनकारक केले आणि सक्तीच्या दीर्घ करारांना आळा घातला. तोच मिश्र युद्धकलेला लागू करण्याचे विधेयक २०१६ मध्ये आले. ते मंजूर झाले नाही. ते व्हावयास हवे. चाचण्यांचा खर्च कंपनीनेच करावा. पण पैसा जावा स्वतंत्र निधीत आणि त्यावर लढवय्यांनी निवडलेले प्रतिनिधी असावेत. सूट द्यावयाची ती कोणालाच देऊ नये. दोषी ठरलेल्याचे मानधन, निदान त्याचा मोठा भाग, ज्याने मार खाल्ला त्याला मिळावा. आणि जिंकण्यावर टांगलेले निम्मे मानधन पायाभूत मोबदल्यात मिळवावे, म्हणजे मोहाचे मूळच आखूड होईल.

यात आपले काय, असे कोणी विचारील. २०१७ मध्ये शांघायला भरत खंडारे या आखाड्यात उतरला. २०२४ मध्ये पूजा तोमरने तेथे विजय मिळविला. कुस्तीच्या तालमींतून अंग कमावलेली आपली मुले यापुढे या वाटेने जाणारच. त्यांना डाव शिकविणारे वस्ताद पुष्कळ भेटतील. करार वाचून दाखविणाराही एखादा भेटावा. कुस्ती निकाली झाली की नाही हे सांगणारा पंच, ज्याने इनाम लावले त्याचा माणूस असू नये, एवढी साधी गोष्ट आपल्याकडे जत्रेच्या फडातील प्रेक्षकालाही कळते. ती चारशे कोटींच्या आखाड्यालाही लागू करावी, एवढेच मागणे आहे.